कुंपणावरून गेलेल्या मुली : मदर मारी यांच्या पत्रवाङ्मयाचा विचार

धर्मप्रचारकांनी लिहिलेल्या पत्रांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. श्रद्धाळू वाचक त्यांत बोध शोधतो, इतिहासकार त्यांत पुरावा शोधतो. पहिला पत्रलेखकास संत मानून वाचतो, त्यामुळे त्याच्या मर्यादा त्यास दिसत नाहीत. दुसरा त्यास साक्षीदार मानून त्याची उलटतपासणी घेतो, त्यामुळे लेखनातील गुण दिसले तरी ते त्याच्या कामाचे नसतात. पत्र हे एका माणसाने दुसऱ्या विशिष्ट माणसासाठी केलेले लेखन आहे, या साध्या जाणिवेने ते वाचण्याची तिसरी रीत मात्र फारशी पडलेली नाही. सतराव्या शतकात कॅनडातील क्वेबेक येथे उर्सुलिन धर्मभगिनींचा मठ आणि मुलींची शाळा स्थापन करणाऱ्या मदर मारी द लँकार्नास्यों यांची फ्रेंच पत्रे या तिसऱ्या रीतीने वाचली पाहिजेत, असे आमचे मत आहे. तसे वाचले असता ती पत्रे शिक्षणाविषयी असे काही सांगतात, की जे त्यांच्या भक्तांनी पुरतेपणी ऐकले नाही आणि टीकाकारांनीही नाही.

प्रथम चरित्राची रूपरेषा द्यावयास हवी. मारी गियार यांचा जन्म 1599 मध्ये फ्रान्समधील तूर या नगरात एका पाव भाजणाऱ्याच्या घरी झाला. 1617 मध्ये क्लोद मार्तँ या रेशीमकारागिराशी त्यांचा विवाह झाला. 1619 मध्ये मुलगा झाला, आणि त्याच वर्षी त्या विधवा झाल्या. पतीचा धंदा बुडालेला होता. मुलाचेही नाव क्लोदच ठेवले होते. त्याला घेऊन त्या पुढे बहिणीच्या घरी राहिल्या आणि मेहुण्याच्या मालवाहतुकीच्या व्यवसायाचा सारा कारभार त्यांनी अंगावर घेतला. घोडे, गाडीवान, हमाल, हिशेब हे सर्व पाहत असताना त्यांच्या मनात ध्यानमग्नतेची ओढ वाढत होती. 1631 च्या जानेवारीत त्यांनी तूर येथील उर्सुलिन मठात प्रवेश केला. तेव्हा मुलगा वयाची बारा वर्षेही पुरा नव्हता.

उर्सुलिन संघाची स्थापना अँजेला मेरिची यांनी 1535 मध्ये इटलीतील ब्रेशा येथे केली. आरंभी या व्रतस्थ स्त्रिया आपापल्या घरी राहून सेवा करीत. परंतु सतराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये या संघास बंदिस्त मठाचे रूप आले. मुलींना शिकवणे हे या भगिनींचे विशेष व्रत, आणि मठाचा उंबरठा न ओलांडणे हाही नियम. म्हणजे शाळा चालवायची ती मठाच्या कुंपणाच्या आत राहून. 1639 च्या मे महिन्यात मदर मारी आपल्या भगिनींसह आणि मादलेन द ला पेल्त्री या धनिक विधवेसह दिएप बंदरातून निघाल्या, व 1 ऑगस्ट 1639 रोजी क्वेबेकला उतरल्या. त्यानंतर 30 एप्रिल 1672 रोजी तेथेच देह ठेवीपर्यंत त्या परत गेल्या नाहीत.

या परिस्थितीने त्यांच्या पत्रांस विशिष्ट घाट दिला आहे. फ्रान्सची जहाजे उन्हाळ्यात येत आणि नदी गोठण्यापूर्वी परतत. वर्षाकाठी मिळणाऱ्या त्या अल्प मुदतीत साऱ्या वर्षाची पत्रे लिहावी लागत, आणि तीही दिवसाची कामे उरकून रात्री. लेखिका कुंपणाबाहेर जाऊ शकत नव्हती, म्हणून बाहेरचे जग तिच्याकडे मठाच्या जाळीच्या खिडकीतून येई. धर्मगुरूंचे निरोप, येथील आदिवासींचे वृत्तान्त, युद्धाच्या वार्ता, भाव आणि देणी असा सारा पसारा तेथे जमे. जे स्वतः पाहिले आणि जे केवळ ऐकले, यांतील अंतर त्या बहुधा स्पष्ट ठेवतात. व्यवहाराची सवय असलेली बाई लिहीत आहे हे वाक्यावाक्यांतून जाणवते. नव्या दगडी मठाचे वर्णन करताना इमारत 92 फूट लांब व 28 फूट रुंद आहे आणि चार चुलाण्यांत वर्षाला 175 ढीग सरपण जळते, हे त्या सांगतात. पण थंडीच्या त्रासाचा विलाप करीत नाहीत. आकड्यांवरूनच वाचकाला हुडहुडी भरते. 5 फेब्रुवारी 1663 च्या भूकंपाचे त्यांनी केलेले वर्णनही असेच आहे. प्रथम आवाज, मग घंटांचा आपोआप नाद, मग पायांखालची जमीन, असा अनुभवाचा क्रम त्यांनी राखला आहे आणि धर्मबोध नंतर येऊ दिला आहे. चांगल्या गद्याची ही खूण होय.

या पत्रांच्या मध्यभागी मात्र भूकंप नाही, युद्ध नाही. तेथे मुलगा आहे. आई मठात गेल्यावर क्लोद शाळासोबत्यांचा घोळका घेऊन मठाच्या दाराशी आला आणि आई परत द्या म्हणून त्याने आक्रोश केला. त्या गलक्यातही त्याचा आवाज आईला ओळखू आला. हा प्रसंग तिने स्वतःच लिहून ठेवला आहे. पुढे मुलगाही बेनेडिक्टाइन संघात शिरून संन्यासी झाला, आणि प्रौढपणी त्याने आईला विचारले की, तू मला का टाकलेस व तुझ्या अंतरंगात काय घडत होते, ते मला लिही. तिने लिहावयास घेतले. पण 30 डिसेंबर 1650 च्या रात्री मठाला आग लागली. कणीक गोठू नये म्हणून पिठाच्या काथवटीत ठेवलेले निखारे कोणी तरी विसरले होते. आगीतून मठाची कागदपत्रे वाचवीत असता हे आत्मनिवेदन त्यांच्या हाती आले होते. ते त्यांनी ज्वाळांतच राहू दिले. मुलाने पुन्हा आग्रह केल्यावर 1654 मध्ये ते दुसऱ्यांदा लिहिले गेले.

आता समीक्षकाचे खरे काम सुरू होते. आईच्या निधनानंतर क्लोद मार्तँ यांनी 1677 मध्ये तिचे चरित्र व 1681 मध्ये तिची पत्रे प्रसिद्ध केली. चरित्राची रचना लक्षणीय आहे. प्रत्येक प्रकरणात आधी आईचा मजकूर, नंतर मुलाची पुरवणी. म्हणजे ज्या मुलाचे दाराशी कोणी ऐकले नाही, त्याला अखेर प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा शब्द मिळाला. परंतु या पुत्राने आईची भाषा जशीच्या तशी ठेवली नाही. 1654 च्या निवेदनाची एक हस्तलिखित प्रत कॅनडातील त्र्वा-रिव्हिएर येथील मठात राहिली होती. दों जामे यांनी ती 1930 मध्ये छापल्यावर दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहण्याची सोय झाली. मुलाने ओबडधोबड वाक्ये गुळगुळीत केलेली दिसतात. ईश्वराशी केलेली फार सलगीची संबोधने त्याने सौम्य केली आहेत, आणि धर्मशास्त्रदृष्ट्या सैल वाटणारे शब्द आवळले आहेत. त्याचा हेतू भक्तीचा होता यात शंका नाही. तथापि आमच्या मते ही दुरुस्ती म्हणजे वाङ्मयीन हानीच होय. बोलीत वाढलेल्या, दुकानदारीत मुरलेल्या स्त्रीचा उच्चार विद्वानाच्या लेखणीखाली झाकला गेला. गी-मारी उरी यांनी 1971 मध्ये पत्रांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि नॅटली झेमन डेव्हिस यांनी 1995 च्या आपल्या ग्रंथात या स्त्रीचे सांगोपांग विवेचन केले. तेव्हा कोठे तो उच्चार सामान्य अभ्यासकास ऐकू येऊ लागला.

मराठी वाचकास येथे आपल्या वाङ्मयातील दोन नावे आठवल्यावाचून राहणार नाहीत. संत बहिणाबाई (1628 ते 1700) या मदर मारींच्या समकालीन. त्यांच्याही आत्मनिवेदनात स्वप्न हे वळणाचे स्थान आहे, आणि आपल्या पूर्वजन्मांची कथा त्या पुत्रालाच सांगतात. मात्र बहिणाबाई संसारात राहून तो ताण सोसतात. मारी संसार सोडतात आणि ताण पत्रांत सोसतात. दुसरे नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त धर्मासाठी घर सोडणाऱ्याची नव्हे, तर मागे राहिलेल्या माणसाची बाजू आली आहे. मदर मारींच्या पत्रांना तोल यायचा तर क्लोदच्या पुरवण्या त्यांबरोबर वाचाव्या लागतात. लक्ष्मीबाईंनी तो तोल एकहाती सांभाळला, आणि तोही विनोदाने. या तुलनेत ‘स्मृतिचित्रे’ आम्हांस अधिक पूर्ण कलाकृती वाटतात, हे सांगण्यात संकोच नसावा.

आता शाळेकडे वळू. क्वेबेकला उतरल्यावर या भगिनींना नदीकाठचे दोन खोल्यांचे घर मिळाले, आणि थोड्याच दिवसांत देवीची साथ आली. जमिनीवर अंथरलेल्या रोगी मुलींना ओलांडून ये-जा करावी लागे. शिकवणे म्हणजे प्रथम शुश्रूषा करणे होते. मुलींच्या अंगावरचे चरबीचे लेप धुऊन काढणे, त्यांना कपडे शिवून देणे, त्यांच्या आप्तांना जेवू घालणे, हे सारे शाळेच्याच कामात येई. आलेल्या पाहुण्यास खाऊ घातल्यावाचून पाठवणे हे त्या लोकांत अपमानकारक मानले जाई, म्हणून मठाच्या चुलीवर मोठे भांडे सदैव चढलेले असे. काळे मनुके, पाव, मक्याचे किंवा वाटाण्याचे पीठ, डुकराची चरबी आणि वर वितळवलेल्या मेणबत्त्या घालून साठ-ऐंशी माणसांचे जेवण कसे होते, याची कृती मदर मारींनी थेट पाकशास्त्राच्या थाटात दिली आहे. त्या अन्नाला त्यांनी नाक मुरडलेले नाही. गरिबांची ही मेजवानी एवढ्या थोडक्यात होते, याचेच त्यांना अप्रूप आहे.

चाळिशीत पाऊल टाकलेली ही शिक्षिका मग स्वतः विद्यार्थिनी झाली. आरंभी अल्गाँकिन आणि माँतान्ये, पुढे ह्यूरन, उतारवयात इरोक्वा, अशा भाषा त्या शिकल्या. आरंभीच्या कष्टांविषयी त्या लिहितात की, नवे शब्द पाठ करताना डोक्यात धोंडे गडगडत असल्यासारखे वाटे. परभाषा शिकणाऱ्या कोणासही ही उपमा पटेल. ग्रंथांतून उसनी घेतलेली अशी ती नाही.

या शाळेतल्या मुलींपैकी तेरेज नावाच्या ह्यूरन मुलीची कथा पत्रांत पुनःपुन्हा येते. लिहावाचावयास शिकून ती 1642 मध्ये आपल्या मुलखात परतत असता इरोक्वांनी तिला पकडले. जपमाळ नाहीशी झाल्यावर ती बोटांवर किंवा खड्यांवर जप मोजते, अशी वार्ता मठात आली. मदर मारी तिच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. या लेखनात शिष्येविषयीचे वात्सल्य आहे, आणि जो मुलगा मागे सोडला त्याच्या वाटणीचा जिव्हाळाही त्यात मिसळला असावा, असे आम्हांस वाटते.

परंतु पत्रांतील सर्वांत धीट उतारा 1640 चा आहे. ह्यूरन लोकांच्या एका सभेत एका वृद्ध स्त्रीने काळ्या झग्यांच्या पाद्र्यांवर केलेला आरोप मदर मारींनी तपशीलवार नोंदवला आहे. हे लोक ज्या गावी वस्ती करतात ते गाव आधी निरोगी असते. ते आले की दोन-चार माणसे सोडून सारे मरतात. ज्या झोपड्यांत त्यांनी पाऊल टाकले नाही तेवढ्याच वाचतात. म्हणून यांना वेळीच मारले नाही तर देश ओस पडेल, असा तिचा युक्तिवाद होता. हे भाषण लेखिकेने स्वतः ऐकलेले नव्हते. धर्मगुरूंकरवी ते तिच्यापर्यंत आले. ती त्यास अज्ञान समजते. पण ती ते कापीत नाही, त्यातले तर्काचे धागे विसकटत नाही. साथीचे रोग युरोपीयांबरोबर आले हे आज आपणास ठाऊक आहे, आणि त्या ज्ञानाच्या प्रकाशात त्या म्हातारीचे निरीक्षण अचूक ठरते. आपल्या पक्षाविरुद्धचा उत्कृष्ट युक्तिवाद जी लेखिका निष्ठेने उतरवून ठेवते, तिच्या प्रामाणिकपणावर आपण विश्वास ठेवू शकतो.

या विश्वासाची कसोटी 1668 च्या पत्रांत लागते. 1663 मध्ये ही वसाहत थेट राजसत्तेखाली आली, आणि आदिवासी मुलांना फ्रेंच भाषा व फ्रेंच चालीरीती शिकवून फ्रेंच करून टाकावे असा चौदाव्या लुईचा व त्याचा मंत्री कोल्बेर याचा आग्रह सुरू झाला. त्या वर्षी मुलाला लिहिताना मदर मारी स्पष्ट कबुली देतात की, हे काम अत्यंत कठीण, जवळजवळ अशक्य आहे. आपल्या हाताखालून गेलेल्या शंभर मुलींत जेमतेम एक या अर्थाने सुधारली असेल. मुली हुशार आहेत, नम्र आहेत, पण ध्यानीमनी नसता कुंपणावरून चढून जातात आणि आईबापांबरोबर रानात निघून जातात. फ्रेंच घरांतल्या साऱ्या सुखांपेक्षा त्यांना तेथे अधिक आनंद वाटतो. आणि त्याच 1668 च्या उन्हाळ्यात त्या मुलाला हेही कळवतात की, आपण अल्गाँकिन भाषेत पवित्र इतिहासाचा मोठा ग्रंथ लिहून संपवला आहे, त्याखेरीज कोश आणि इरोक्वा भाषेतील धर्मप्रश्नोत्तरीही तयार केली आहे.

ही दोन विधाने एकत्र वाचली पाहिजेत. अभ्यासकांनी पहिले वाक्य अपयशाची कबुली म्हणून उद्धृत करावे आणि भक्तांनी दुसरे वाक्य चिकाटीचा दाखला म्हणून सांगावे, ही प्रथाच पडली आहे. आमच्या मते दोन्हींचा अर्थ एकच. तीस वर्षांच्या अध्यापनानंतर ही शिक्षिका ज्या निष्कर्षास आली तो असा, की मुलींना आपल्या भाषेत ओढणे साधत नाही. आपणच त्यांच्या भाषेत गेले पाहिजे. राजाज्ञेचा त्यांनी उघड विरोध केला नाही, आज्ञा आली तशी नव्या मुलींना फ्रेंच वेषात वाढवण्यास प्रारंभही केला. परंतु लेखणी हाती घेतल्यावर त्या अल्गाँकिन आणि इरोक्वा लिहीत होत्या. त्यांची कृती त्यांच्या सिद्धान्ताच्या पुढे गेली होती.

या बाबतीत आपल्याकडील इतिहासाचा दाखला अगदी जवळचा आहे. 1579 मध्ये गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात 1640 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे मदर मारी अल्गाँकिनची पहिली धातुरूपे गिरवीत होत्या त्याच सुमारास. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज विजरईने हुकूम काढला की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. क्वेबेक आणि गोवा या दोन्ही ठिकाणी एकच क्रम दिसतो. आधी परदेशी शिक्षक स्थानिक भाषा शिकतो. मग दूरच्या राजधानीला ती भाषाच नको होते. ज्या घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी अशा प्रांतांत आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो आहोत, तेथे या क्रमाचा अर्थ फार समजावून सांगावा लागू नये.

तथापि मर्यादा सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. मदर मारी त्या लोकांना रानटी म्हणत आणि त्यांच्या श्रद्धांना सैतानाचे काम मानत. त्या काळच्या लेखनाची ही सर्वसाधारण भाषा होती, एवढ्याने तिचा दंश कमी होत नाही. दुसरे असे की, या पत्रांत शिक्षिकेचा आवाज भरपूर आहे, पण मुलींचा आवाज तिच्याच शब्दांतून येतो. कुंपणावरून गेलेल्या मुलीने रानात जाऊन शाळेविषयी काय सांगितले, ते या संग्रहात नाही. लेखिकेने इतक्या परिश्रमाने रचलेले कोश बहुतेक सारे काळाच्या ओघात हरपले, आणि फ्रेंच पत्रे मात्र उरली, ही एक खिन्न करणारी घटना आहे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत कॅनडाच्या सरकारने ख्रिस्ती संघांच्या हातून जी निवासी शाळांची पद्धत चालवली, तीत दीड लाखांहून अधिक आदिवासी मुले घरापासून तोडली गेली. त्यांची भाषा बोलणे दंडनीय झाले. 2015 च्या सत्यशोधन व समेट आयोगाच्या अहवालाने हे सर्व जगापुढे मांडले, आणि 2022 च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडास जाऊन त्याबद्दल क्षमायाचना केली. मदर मारींना 1980 मध्ये धन्य आणि 2014 मध्ये संत घोषित करण्यात आले. म्हणजे एकाच चर्चला या भूमीत गौरव आणि पश्चात्ताप दोन्ही करावे लागले. अशा वेळी काहींनी त्या पापाचे मूळ थेट या पहिल्या मठात शोधले आहे. मुलांना घरच्या वळणातून काढून नवे वळण लावण्याची कल्पना येथे होती, हे नाकारता येत नाही. परंतु एक भेद डोळ्यांआड करू नये. मदर मारींच्या शाळेचे कुंपण मुलींना ओलांडता येत होते. आईबाप येऊन त्यांना घेऊन जात. मुलगी खिन्न होऊ लागली की तिला जाऊ द्यावे लागे, आणि हे सारे लेखिका नोंदवून ठेवी. पुढच्या शाळांत कायद्याने ते कुंपण उंच केले आणि नोंद करणाऱ्या हातांनी लपवाछपवी केली. पहिल्या शाळेच्या पत्रांत पुढच्या शाळांविरुद्धची साक्ष आधीच लिहिलेली होती. राज्यकर्त्यांनी ती वाचली नाही.

म्हणून या पत्रांचे मोल आम्हांस संतचरित्राच्या मोलाहून निराळे वाटते. बोस्युए या विख्यात धर्मवक्त्याने मदर मारींना नव्या जगातील तेरेसा म्हटले. ध्यानानुभवाच्या दृष्टीने ते यथार्थ असेल. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र त्यांचे सामर्थ्य तेरेसासारख्या भावोत्कट पानांत नाही. ते सरपणाच्या मोजणीत, मेजवानीच्या भांड्यात, म्हातारीच्या जशाच्या तशा उतरवलेल्या आरोपात आणि शंभरांत एक या निर्दय हिशेबात आहे. वाहतुकीच्या धंद्यात शिकलेली हिशेबाची सचोटी त्यांनी मठात आणि शाळेतही सोडली नाही. ज्याला आपण एकदा टाकले, त्याला तरी खरे सांगितले पाहिजे, हे ऋण त्या हिशेबाच्या मागे उभे आहे.

शिक्षणसंस्थांचे अहवाल आपण पुष्कळ वाचतो. त्यांत उत्तीर्णांची संख्या असते, बक्षिसे असतात, देणगीदारांचे आभार असतात. कुंपणावरून निघून गेलेल्यांचा रकाना मात्र त्यांत नसतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बंदिस्त मठातल्या वृद्ध शिक्षिकेने तो रकाना भरला, आणि त्यांच्या जाण्यात त्यांना आनंद वाटतो हेही त्यात लिहिले. या पत्रांतील निवडक भाग कोणी जाणत्या अनुवादकाने मूळ फ्रेंचवरून मराठीत आणावा. आपल्या शिक्षकांच्या हाती पडण्यास तो योग्य ग्रंथ होईल.